घोडा का अडला? फिरवण्याआधी खूर पाहा

प्रश्न: नागपुरात आमच्याकडे वरातीच्या दोन घोड्या आहेत. आषाढी झाली, लग्नं संपली, तेव्हापासून दोघी तबेल्यातच उभ्या आहेत. त्यातली एक चार दिवसांपासून पुढचा डावा पाय टेकवून नाही राहिली. जखम कुठं दिसत नाही. वडील म्हणतात, फिरव, मोकळी होईल. मेडिकलमधून दुखण्याचं इंजेक्शन आणून दिलं, तेवढा दिवस बरी होती. खुराचे नेमके कोणकोणते आजार असतात आणि घरी कसे ओळखायचे?

भाऊ, उत्तर लांबणार आहे. म्हणून आजचं आधी सांगतो. घोडीला फिरवणं थांबवा आणि दुसरं इंजेक्शन देऊ नका. आता बाकीचं सावकाश वाचा.

वडिलांचा सल्ला कुठून आला ते मला ठाऊक आहे. पान का सडलं, भाकरी का करपली, घोडा का अडला? न फिरवल्यानं. हे कोडं आपण सगळ्यांनीच लहानपणी घातलंय आणि सोडवलंय. पानाचं आणि भाकरीचं ते खरं आहे. घोड्याचं अर्धंच. दिवसभर रिकामा बांधून पायांवर नुसती सूज उतरली असेल तर तासाभराच्या चालीनं ती जाते, हे मीही कितीदा पाहिलं आहे. पण दुखणं खुराच्या आत असेल तर फिरवून फायदा काहीच नाही, आणि एका आजारात तर तेच फिरवणं घोडी कायमची बाद करतं. कोणतं दुखणं कोणतं, हे कळायला सुरुवातीला यंत्र लागत नाही. हात, नाक आणि एक हातोडी पुरते.

सकाळी, खुरावर ऊन पडायच्या आधी घोडीला सपाट फरशीवर उभी करा. हाताची पालथी बाजू आधी चांगल्या खुरावर ठेवा, मग दुखऱ्यावर. ऊब कमी-जास्त लागते का पाहा. मग घोट्याच्या मागे, दोन्ही अंगांना, बोटांनी हलकंच दाबा. खुरात जाणारी रक्तवाहिनी तिथं हाताला लागते. ठणठणीत घोड्यात तिचा ठोका चाचपडून शोधावा लागतो. खुरात दाह असेल तर तो बोटाखाली उसळतो. उसळता ठोका एकाच पायात आहे की दोन्ही पुढच्या पायांत, हे नीट पाहून घ्या. पुढचं सगळं त्यावर ठरणार आहे.

तुमची घोडी पाय टेकवतच नाही, त्यामुळे दुखरा पाय कोणता हा प्रश्न नाही. पण लंगडणं थोडकं असतं तेव्हा लोक हमखास चुकतात. पुढचा दुखरा पाय जमिनीवर पडतो त्या क्षणी घोडा मान वर उचलतो, आणि चांगला पाय पडतो तेव्हा मान खाली जाते. पुष्कळजण नेमकं उलट समजतात आणि आठवडाभर चांगल्याच पायाला शेकत बसतात.

मग पाय उचला. टाचेकडून टोकाकडे हुक फिरवून घाण काढा, ब्रशनं धुवा, आणि नाक जवळ न्या. लाजू नका, अर्धं निदान वासात असतं. नाल असेल तर एकेका खिळ्यावर हातोडीनं हलकेच टकटक करा. ज्या खिळ्यावर घोडी पाय ओढून घेते, तिथं खूण करा. तळव्यावरही तसंच, दोन-दोन बोटांच्या अंतरानं.

खूर म्हणजे आपल्या नखाचाच थोरला भाऊ. बाहेरची कडक भिंत, खालचा तळवा, आणि तळव्याच्या मागच्या बाजूला मधोमध त्रिकोणी, रबरासारखा भाग. आम्ही डॉक्टर लोक त्याला ‘फ्रॉग’च म्हणतो. भिंत आणि तळवा जुळतात तिथं पिवळसर पांढरी रेघ असते, ती किल्ल्याच्या दरवाज्यासारखी. शत्रू बहुतेक तिथूनच शिरतो. भिंत महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढते. म्हणजे केसाळ कडेपासून टोकापर्यंत नवं खूर यायला नऊ महिने ते वर्ष लागतं. आज झालेल्या नुकसानाची भरपाई पुढच्या आषाढीला मिळेल, या हिशेबानं खुराचे सगळे उपचार चालतात. घाई करणाऱ्यानं घोडा पाळू नये.

तुम्ही लिहिलंय त्यावरून माझा पहिला संशय खुरात पू झाल्याचा आहे. एकच पाय, अचानक, जखम नाही, आणि ऐन पावसाळा. आपली काळी माती मेमध्ये भेगाळते आणि पावसात फुगते, खुराचंही तसंच होतं. पारा ४५ च्या पुढे, खाली तापलेला सिमेंटचा रस्ता, खूर वाळून कोळ झालेलं. जूनच्या मध्याला पाऊस लागला की तेच खूर रात्रंदिवस ओल्या जागेत. ते मऊ पडतं, पांढरी रेघ सैल होते, आणि बारीक खडा किंवा नुसती घाण त्या फटीतून वर चढते. फोड हाताला झाला तर कातडी ताणून जागा करून देते. खूर ताणत नाही. थोड्याशा पूचाही आतल्या जिवंत भागावर एवढा दाब येतो की काल दुडकणारी घोडी आज तीन पायांवर उभी असते. मालक सांगतात, पाय मोडला. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मलाही एकदा तेच वाटलं होतं. खांद्यापर्यंत सगळा पाय दाबून झाला, काही सापडेना. शेजारी बिडी ओढत बसलेल्या म्हाताऱ्या नालबंदानं खूर मांडीवर घेतलं, दोन मिनिटं खरवडलं आणि पांढऱ्या रेघेवरचा काळा ठिपका मला दाखवला. काही बोलला नाही, ते बरं झालं. तेव्हापासून लंगडा घोडा आला की मी खुरापासून सुरू करून वर जातो.

त्या काळ्या ठिपक्याचा माग काढत बारीक वाट करून दिली की करडा-काळा, नाकातले केस जळतील अशा वासाचा पू बाहेर येतो. भोक लहान ठेवायचं असतं. तळव्याला खिडकी पाडली तर पू निघतो, पण आतला जिवंत भाग त्या खिडकीतून बाहेर डोकावतो आणि घोडी महिनाभर घरी. म्हणून हे काम डॉक्टरचं, किंवा डॉक्टर उभा असताना जाणत्या नालबंदाचं. घरी चाकू घेऊन बसू नका. नंतरचं तुम्ही करू शकता: हाताला सोसवेल एवढ्या गरम पाण्यात एप्सम सॉल्ट घालून खूर १५-२० मिनिटं बुडवायचं, दिवसातून दोनदा, दोन-तीन दिवस. मग कापूस, त्यावर लहान मुलाचा डायपर, त्यावर बँडेज आणि वरून रुंद चिकटपट्टी. डायपर वाचून हसू नका. खुराच्या मापाला त्याच्याइतकी चोख बसणारी वस्तू मला मेडिकलमध्ये दुसरी मिळालेली नाही. ओल धरू नये म्हणून खताच्या रिकाम्या पोत्याचा तुकडा वरून बांधा.

वाट सापडली नाही तर पू आपली वाट स्वतः शोधतो आणि काही दिवसांनी वर, केसाळ कडेला फुटतो. घोडी एकाएकी बरी होते आणि त्या आठवड्यात जे औषध चालू असेल त्याला यश जातं. पुष्कळ रामबाण लेपांची कीर्ती अशीच झालेली आहे.

इंजेक्शन देऊ नका म्हणालो ते याचसाठी. दुखणं दबलं की घोडी पाय टेकवते, मालक खूश होतो, आणि डॉक्टर येतो तेव्हा ती नेमकी कुठं दुखतंय ते दाखवत नाही. पू कोंडलेला असताना नुसतं अँटिबायोटिक दिलं तर ते तिथवर धड पोचत नाही, गळू मात्र रेंगाळतं. एक इंजेक्शन मात्र विचारून घ्यायचंच: धनुर्वाताचं. घोडा या रोगाला फार नाजूक असतो, आणि खुरातली खोल, बंद जखम म्हणजे त्या जंतूला आंदणच. शेवटची लस कधी दिली ते आठवत नसेल तर दिलेली नाही असं समजा आणि डॉक्टरला तसं सांगा. पू निघाल्यावर एक-दोन दिवसांत घोडी ठळक सुधारायला हवी. नाही सुधारली तर एक्स-रे काढा. हाडापर्यंत गेलेलं असू शकतं.

असंच एका पायाचं दुखणं खिळ्यानंही होतं. नाल मारताना खिळा जिवंत भागात घुसला तर घोडी तिथंच उडी मारते आणि सगळ्यांना कळतं. पण खिळा आत न जाता नुसता जवळून गेला, तर एक-दोन दिवस काही नाही आणि मग हळूहळू लंगड. हातोडीची टकटक इथं कामाला येते. तो एक खिळा काढायचा, भोक धुवायचं, डॉक्टरला दाखवायचं. नालबंदाशी भांडू नका. आपल्याकडे टांगे गेले तसे नालबंदही गेले. उरलेल्या हातांवर किती घोड्या येतात आणि पातळ भिंतीच्या खुरात खिळा बसवणं किती अवघड असतं, ते एकदा शेजारी बसून पाहा.

रस्त्यावरचा खिळा मात्र वेगळी गोष्ट आहे. मांडवाचे, सेंट्रिंगचे खिळे वरातीच्या वाटेवर कमी नसतात. तळव्यात खिळा दिसला की हात आपोआप ओढायला जातो. थांबा. डॉक्टर लवकर येणार असेल तर खिळा तसाच ठेवून एक्स-रे काढणं सगळ्यात चांगलं, कारण तो कुठवर गेला ते त्यातच दिसतं. घोडी त्यावर भार देऊन तो आणखी आत घालत असेल तर काढावाच लागेल. पण आधी मोबाइलनं फोटो घ्या, भोकाभोवती पेनानं गोल करा, आणि खिळा फेकू नका, त्यावरून खोली आणि दिशा कळते. खिळा फ्रॉगमध्ये किंवा त्याच्या बाजूच्या खाचेत असेल तर ती तातडीची केस आहे. तिथून वर सांधा, त्याची पिशवी आणि स्नायूची दोरी अगदी जवळ असते. भोक एवढंसं, घोडी दोन दिवस ठीक, आणि मग सांध्यात पू: हा क्रम मी पाहिला आहे आणि त्यातून घोडी वाचवणं फार जड जातं.

आता ज्या आजारासाठी मी वडिलांशी वाद घालतोय, तो. लॅमिनायटिस.

खुराची भिंत आतल्या हाडाला नुसती चिकटलेली नसते. दोन कंगव्यांचे दात एकमेकांत घालावेत तशा बारीक उभ्या पडद्यांनी ती हाडाला धरून असते. एका खुरात असे मुख्य पडदे ५५० ते ६०० असतात, आणि प्रत्येकाला आणखी बारीक फाटे. साडेतीनशे-चारशे किलोची घोडी, तिचा साठेक टक्के भार पुढच्या दोन पायांवर, आणि तो सगळा या कंगव्यांना टांगलेला. लॅमिनायटिसमध्ये हे पडदे सुजतात, कमजोर होतात आणि सुटायला लागतात. हाड खाली सरकतं किंवा फिरतं. फार झालं तर त्याचं टोक तळव्यातून, फ्रॉगच्या पुढं, बाहेर येतं. अशा वेळी घोडीला रस्त्यावर चालवणं म्हणजे उसवत आलेल्या शिवणीला हिसके देणं.

ओळख अशी: बहुतेक वेळा दोन्ही पुढचे पाय. दोन्हीकडे ठोका उसळतो, दोन्ही खुरं गरम. घोडी पुढचे पाय समोर ताणून, मागचे पोटाखाली घेऊन, अंग मागं टाकून उभी राहते. वळवायला गेलं की ओरबाडल्यासारखी वळते. पाय उचलू देत नाही, कारण दुसऱ्यावर भार घेणं तिला सोसत नाही. मालक सांगतात, कंबर धरली.

आणि कारण बहुधा पोटातलं असतं. इतवारीकडची एक वरातीची घोडी रात्री दावं सोडून चन्याच्या पोत्यात तोंड घालून बसली. सकाळी पोतं निम्मं रिकामं, घोडी मजेत. मालकानं शिव्या घातल्या आणि कामाला लागला. चन्याचा डोस आणि खुराचं दुखणं यात एक-दोन दिवसांचं अंतर असतं, हे त्याला कोण सांगणार? दुसऱ्या रात्री ती हलेना. घरच्या म्हाताऱ्यानं कोडं आठवलं आणि तिला मोठ्या रस्त्यापर्यंत दोन फेऱ्या चालवलं. मी पोचलो तेव्हा हाड सरकलेलं होतं. अकरा महिने गेले. घोडी जगली, पण नवरदेव पुन्हा कधी तिच्या पाठीवर बसला नाही. पोतं रिकामं दिसलं त्याच सकाळी फोन आला असता, तर पोट साफ करता आलं असतं आणि खुरं बर्फात ठेवता आली असती. कारखान्यातून लादी आणायची, फोडायची, आणि पाय घोट्याच्या वरपर्यंत बर्फाच्या पाण्यात ठेवायचे, डॉक्टर सांगेल तसे दोन-तीन दिवस सलग. ऐकायला वेडेपणा वाटतो, पण सुरुवातीलाच केलं तर खरोखर पडदे वाचतात. लक्षात घ्या, पू झाला तर गरम पाणी, लॅमिनायटिसला बर्फ. दोन्ही आजारांत खूर गरम, दोन्हींत ठोका उसळता, आणि उपाय उलटे. म्हणून आधी निदान.

सोबत दाणा पूर्ण बंद, साधा वाळलेला चारा, आणि खाली आरा मशीनचा भुसा किंवा कन्हानची रेती, खूर चांगलं बुडेल एवढी जाड, म्हणजे तळव्याला खालून आधार मिळतो. दुखण्याचं औषध इथं हवंच, पण डॉक्टरच्या हातून.

चन्याचं पोतं हे एकच कारण नाही. मांडवातल्या उरलेल्या पुऱ्या-जिलब्या प्रेमानं खाऊ घालणारे पाहुणे हेही कारणच. व्यायल्यावर घोडीचा वार तीन तासांत पडला नाही तर विषबाधेनं लॅमिनायटिस होऊ शकतो. गाईच्या हिशेबानं दुसऱ्या दिवसापर्यंत वाट पाहू नका. कडक रस्त्यावरचा सततचा मार, खाजेसाठी दिलेली स्टेरॉइडची इंजेक्शनं, हीही यादीत आहेत. आणि तुमच्यासारख्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं: चातुर्मासात घोडी चार महिने उभी, आणि खुराक लग्नसराईचाच. मानेवर चरबीची वळकटी आली की समजा, खूर रांगेत उभं आहे. काम नाही तर चना नाही, एवढा साधा नियम पाळा.

घोडी विकत घेतानाही हे कामी येतं. खुराच्या भिंतीवर आडव्या कडा असतील आणि त्या टोकाकडे जवळजवळ, टाचेकडे लांब पसरत गेल्या असतील, तर तिला हा आजार होऊन गेलेला असू शकतो. विकणारा कानशीनं घासून, वर तेल लावून खूर चकचकीत करून आणतो. ओलं करून, तिरप्या उजेडात पाहा.

फ्रॉग कुजणं हा पावसाळ्याचा रोजचा पाहुणा. काळा लिबलिबीत थर आणि एकदा घेतला की विसरता न येणारा वास. मुताच्या चिखलात उभं राहून होतो. दुखतोच असं नाही. पण टाचेमधली खाच खोल गेली की दुखतो आणि मग टाच आवळत जाते. मेलेला भाग कापून घ्यायचा, रोज धुऊन कोरडं करायचं, पोव्हिडोन आयोडीनचा बोळा खाचेत दाबायचा. मोरचूद चालतं, पण जिवंत लालसर भागावर नाही, ते जाळतं. गाडीचं जुनं ऑइल आणि न पातळ केलेलं फिनाइल कृपा करून लावू नका. जागा कोरडी केली नाही तर औषध नुसतं पैसे खातं, हे सांगून माझा घसा बसला आहे.

बाकीचे थोडक्यात. पांढऱ्या रेघेत पोकळी होऊन भिंत आतून पोखरली जाते. टकटक केली की रिकाम्या डब्यासारखा आवाज येतो. पोकळ भाग उघडा करून हवा लागू द्यावी लागते, वरून बुजवून चालत नाही. उभे तडे वरच्या केसाळ कडेपासून निघाले तर काळजीचे, खालून निघाले तर बहुतेक वेळा नीट कापून भागतं. घोट्याखाली खपल्या आणि चिरा पडणं हे खुराचं नाही, कातडीचं. धुवा, कोरडं ठेवा, खपल्या ओरबाडू नका. आणि जो घोडा आराम दिला की बरा, काम दिलं की पुन्हा लंगडा, असा महिनोन्‌महिने खेळवतो, त्याच्या खुराच्या मागच्या भागातलं नॅव्हिक्युलर हाड तपासायला हवं. त्याला एक्स-रेशिवाय इलाज नाही.

नाल पाच-सहा आठवड्यांनी काढून, खूर कापून, पुन्हा बसवायचे असतात. नोव्हेंबरात मारलेले नाल फेब्रुवारीपर्यंत ओढणारे मालक मला दर वर्षी भेटतात. नाल झिजला नाही म्हणतात. नाल झिजत नाही हो, खूर वाढतं. टोक लांब होतं, टाच नालाच्या आत सरकते आणि तळव्याच्या कोपऱ्यात चेमटून लाल डाग पडतात. आत्ता काम नाही तर दोघींचे नाल काढून खुरं नुसती कापून ठेवा, सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा.

आता तुमची घोडी. ठोका एकाच पायात लागला तर डॉक्टर आणि नालबंद दोघांना एकाच वेळी बोलवा. दोन्हीकडे लागला तर नालबंद नंतर, आधी डॉक्टर आणि बर्फ. एक्स-रे लागला तर सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यक महाविद्यालयात विचारा, १९५८ पासून ते तिथं आहे. पण घोडी गाडीतून न्या, चालवत नको.

आणि उजवा पाय विसरू नका. चार दिवस सगळा भार तो एकटा घेतोय, आणि भार घेणाऱ्या पायातही लॅमिनायटिस होतो. अमेरिकेतला बार्बारो नावाचा घोडा २००६ ची केंटकी डर्बी जिंकला, दोनच आठवड्यांनी शर्यतीत त्याचा मागचा उजवा पाय मोडला. मोडलेलं हाड जुळत आलं, पण मागच्या डाव्या खुरात आणि नंतर पुढच्या पायांतही लॅमिनायटिस झाला आणि जानेवारी २००७ मध्ये त्याला मरण द्यावं लागलं. पैसा, डॉक्टर, सगळं हाताशी होतं. तेव्हा आज रात्रीच घोडीच्या खाली भुसा जाड करा, आणि झोपण्याआधी व पहाटे उजव्या घोट्यामागचा ठोका पाहा. डाव्यासारखाच उसळू लागला तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच फोन लावा.